मिसळणाचा डबा आणि नवा मदतनीस

‘कॅश’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रोकड येते. संगणकातली कॅश वेगळी. उच्चार तोच, पण हिचं मूळ फ्रेंचमधल्या ‘लपवणे’ अशा अर्थाच्या शब्दात आहे. ती समजावून सांगायची झाली की मी स्वयंपाकघरात जातो. हळद-तिखटाचा साठा कोठीच्या खोलीत असतो आणि रोजच्यापुरतं शेगडीपाशी, मिसळणाच्या डब्यात. दर फोडणीला कोठीपर्यंत जावं लागू नये म्हणून तो डबा. संकेतस्थळांचंही असंच असतं. वस्तूची किंमत, तिचं वर्णन मूळ साठ्यातून, म्हणजे डेटाबेसमधून, एकदा आणायचं आणि हाताशी ठेवायचं. अडचण एवढीच, की कोठीत नवं तिखट आलं तरी डब्यात जुनंच राहतं. मग डबा रिकामा करावा लागतो.

मी ऑनलाइन दुकानांची संकेतस्थळं सांभाळतो. डबा रिकामा करणारं एक छोटं साधन मीच लिहिलेलं आहे. त्याची माहिती दोन ओळींची होती : ‘कॅश साफ करते. माहिती जुनी दिसत असल्यास वापरावे.’ पाच वर्षं या दोन ओळींवर काम निभावलं. खरं तर ओळींवर नव्हेच. आमच्याकडचा एक मुलगा दर वेळी माझ्या टेबलाशी येऊन विचारायचा, ‘‘सर, सगळंच उडवू, की तेवढंच पान?’’ मी जे लिहिलं नव्हतं, ते त्याच्या प्रश्नात असायचं.

मग एआय एजंट आले. (विम्याचे नव्हेत, चिकाटी मात्र तीच.) एजंट म्हणजे भाषा समजणारं आणि हाती साधनं दिलेलं मॉडेल. काम सांगितलं की कोणतं साधन केव्हा वापरायचं, ते स्वतःच ठरवतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही जोडणीची पद्धत सर्वांसाठी खुली केली. तिच्यात साधनाचं नाव, वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याचा आराखडा द्यायचा असतो. मी आमचं साधन जोडलं. वर्णन? त्याच दोन ओळी.

एका दुपारी एका वस्तूची जुनी किंमत दिसत असल्याची तक्रार आली. एजंटने वर्णन वाचलं, साधन चालवलं. पानाचा पत्ता दिला नाही, कारण तो द्यावा असं मी कुठे म्हटलं नव्हतं. आणि पत्ता नसेल तर साधन सगळीच कॅश पुसायचं. पंगत बसलेली असताना डबा उपडा केल्यासारखं झालं. प्रत्येक ग्राहकाची मागणी थेट डेटाबेसवर जाऊन आदळू लागली. एजंटने पुन्हा पाहिलं, तरी किंमत जुनीच. कारण ती प्रत ब्राउझरने स्वतःपाशी ठेवली होती, तिथे आमच्या साधनाचा हात पोचतच नाही. माहिती जुनी दिसते आहे, मग साधन वापरावे! त्याने ते आणखी दोनदा चालवलं. संकेतस्थळ पाऊण तास रखडलं. वर्णनाबाहेरचं त्याने काहीच केलं नव्हतं.

माझी आणखी एक चूक मला उशिरा उमगली. या पद्धतीत साधनाबद्दल काही खुणाही देता येतात : ते काही नष्ट करतं का, तेच पुन्हा चालवलं तर चालेल का, वगैरे. मी ‘पुन्हा चालवलं तरी वेगळा परिणाम नाही’ अशी खूण केली होती. रिकामा डबा पुन्हा रिकामा केला तर काय बिघडतं, असा माझा हिशेब. पण दोन वेळांच्या मधे डबा भरत आलेला असतो, आणि ती सगळी मेहनत वाया जाते.

नवं वर्णन लिहायला मला दोन दिवस लागले. मूळ नोंदींना धक्का लागत नाही, हे पहिल्याच वाक्यात आलं. पानाचा पत्ता सक्तीचा केला. एकदा चालवूनही माहिती जुनीच दिसली तर पुन्हा चालवू नये, ब्राउझरची प्रत तपासावी, हेही लिहिलं. साधनाचं उत्तरही बदललं. पूर्वी ते नुसतं ‘झालं’ म्हणायचं. आता किती नोंदी काढल्या ते सांगतं, आणि काही सापडलं नाही तर तसंही सांगतं.

साधनानेच वापरणाऱ्याला अडवण्याची कल्पना जुनी आहे. प्रोग्रामरांच्या वापरातल्या एनपीएमने २०१७च्या पाचव्या आवृत्तीपासून कॅश पुसायला सरळ नकार द्यायला सुरुवात केली. आग्रहच असेल तर आज्ञेला ‘फोर्स’ हा शब्द जोडावा लागतो. माणूस अशा ठिकाणी क्षणभर थबकतो. यंत्राला मात्र कुलपाशेजारीच किल्ली टांगलेली दिसते. म्हणून सगळी कॅश पुसण्याचं साधन मी वेगळं केलं आणि माणसाने मंजुरी दिल्याशिवाय ते चालणारच नाही, अशी तजवीज प्रोग्राममध्येच केली. खुणा या फक्त सूचना असतात, हे त्या पद्धतीच्या नियमांतच म्हटलेलं आहे.

परवा पडद्यावर निरोप आला : ‘सगळी कॅश पुसण्याची परवानगी हवी आहे. सध्या वर्दळ जास्त दिसते. आत्ता पुसू, की रात्री?’ मी ‘रात्री’ असं कळवलं आणि त्या मुलाला बोलावून तो निरोप दाखवला. तो म्हणाला, ‘‘सर, हे तर मी विचारायचो.’’