नव्या विंडोजचे नऊ दिवस

उल्हासनगर, प्रतिनिधी : मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'चा नियमित पाठिंबा थांबवला आणि अनेकांना 'विंडोज ११'कडे वळणे क्रमप्राप्त झाले. उल्हासनगरातील व्यापारी पेढ्या, अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील लघुउद्योग आणि डीटीपी केंद्रे यांच्या दृष्टीने प्रश्न केवळ बदललेल्या पडद्याचा नाही. वर्षानुवर्षांचे हिशेब, पगारपत्रके व मराठी मजकूर ज्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, ते नव्या प्रणालीत उघडेल काय, हा खरा प्रश्न आहे.

दोष नेमका कोठे?

'विंडोज ११' केवळ ६४ बिट स्वरूपात मिळते. ३२ बिट प्रोग्राम तिच्यावर सहसा चालतात. मात्र डॉसच्या काळातील १६ बिट प्रोग्राम चालत नाहीत. ३२ बिट ड्रायव्हरही निरुपयोगी ठरतात. त्यामुळे जुना प्रिंटर मुका होतो आणि 'डोंगल'ने कुलूपबंद केलेले सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. अशा वेळी सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा बसवून उपयोग नसतो. उत्पादकाकडून नवा ड्रायव्हर मिळवावा लागतो. प्रोग्राम उघडून मध्येच अडखळत असेल, तर त्याच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'कम्पॅटिबिलिटी' विभागात 'विंडोज ७' निवडून पाहावे. १६ बिट प्रोग्राम वा ड्रायव्हर यांना हा उपाय लागू पडत नाही.

मराठीचा पेच

युनिकोडपूर्व फॉन्टमधील मराठी मजकूर संगणकाच्या लेखी देवनागरी नसतोच. तो फॉन्ट नसेल, तर पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरे व चिन्हे उमटतात. मजकूर नष्ट झालेला नसतो. मूळ फॉन्ट बसवताच तो परत दिसतो. कायमचा मार्ग म्हणजे परिवर्तकाच्या साह्याने युनिकोडमध्ये रूपांतर करणे आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालणे. 'मंगल' हा युनिकोड फॉन्टही आता ऐच्छिक सुविधांत गेला आहे. तो नसल्यास दुसरा फॉन्ट त्याची जागा घेतो व ओळी सरकतात.

परतीचे दहा दिवस

जुन्या प्रणालीवरच नवी चढवली असेल, तर साधारणतः १० दिवसांपर्यंत 'रिकव्हरी'मधून मागे फिरता येते. डिस्क पुसून नवी प्रणाली बसवल्यास ही सोय नसते. ३२ बिट 'विंडोज १०' असणाऱ्यांना नवी प्रणाली मुळापासूनच बसवावी लागते, हे त्यांनी ध्यानात ठेवावे.

म्हणून आधी सर्व फाइली, फॉन्ट आणि परवाना क्रमांक बाहेरील डिस्कवर घ्यावेत. नव्याचे नऊ दिवस कौतुकात न घालवता बिल, पगारपत्रक, छपाई अशी प्रत्येक नेहमीची कामे एकदा करून पाहावीत. अपरिहार्य असा जुना प्रोग्राम चालतच नसेल, तर एखादा जुना संगणक इंटरनेटपासून तोडून त्याच कामापुरता राखावा. मात्र त्यातील माहिती वेळीच नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणावी. कारण जुने यंत्र बंद पडण्याची तारीख कोणीही आधी जाहीर करीत नाही.