चाँद, भरती आणि कप्तानाचा हिशेब

समुद्रसफरीच्या जहाजावर चढलेल्या प्रवाशाला कप्तान दिसतो तो पांढऱ्या गणवेशात, हसतमुख, लोकांबरोबर फोटो काढून घेणारा. पण त्याच्या दिवसाचा मोठा भाग जातो तो हिशेबात. कधी निघायचे, कोणत्या वाटेने जायचे, कोणत्या वेगाने, आणि समोरच्या बंदरात किती वाजता पोहोचायचे. हजारो माणसांचे जेवण, झोप आणि जीव या हिशेबावर अवलंबून असतात. यंदाच्या वर्षांत रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो, म्हणजे मुंबईच्या क्रूझ हंगामातच. त्यामुळे जहाजावर काम करणाऱ्या रोजेदारांच्या सहेरी-इफ्तारीच्या वेळाही याच हिशेबाशी जोडल्या जातात.

जहाज कोणत्या दिवशी कोणत्या बंदरात असेल, हे कंपनीचे कार्यालय फार आधी ठरवते. तिकिटे विकली जातात, धक्क्यावरची जागा राखून ठेवली जाते. त्या वेळापत्रकाला समुद्रावर खरे करून दाखवणे हे कप्तानाचे काम. त्यासाठी प्रत्येक फेरीआधी एका धक्क्यापासून दुसऱ्या धक्क्यापर्यंतचा संपूर्ण आराखडा तयार होतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 1999 साली त्याचे चार टप्पे सांगितले आहेत : माहिती गोळा करणे, आराखडा आखणे, तो अमलात आणणे आणि वाटेत सतत पडताळत राहणे. नकाशावर रेषा ओढण्याचे काम बहुधा एक अधिकारी करतो. पण मंजुरीची सही आणि जबाबदारी कप्तानाची.

हिशेब उलटा चालतो

मुंबई ते मुरगाव हे अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. ताशी पंधरा मैलांचा, म्हणजे पंधरा नॉटचा वेग धरला तर पंधरा तास. सकाळी आठला गोव्याच्या तोंडाशी पोहोचायचे असेल तर संध्याकाळी पाचला मुंबईच्या बाऱ्याबाहेर असायला हवे. त्याआधी दोर सोडणे, बंदराच्या पायलटला बरोबर घेऊन खाडीतून बाहेर पडणे, त्याआधी प्रवाशांची सुरक्षा कवायत. कप्तान असा शेवटाकडून सुरुवातीकडे मोजत येतो.

आता समजा निघायलाच दोन तास उशीर झाला. तोच पल्ला तेरा तासांत गाठायचा तर वेग सव्वासतरा नॉटच्या वर न्यावा लागतो. वाढ थोडी वाटते, पण इंजिनाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ढोबळमानाने त्या एका रात्रीत तृतीयांश इंधन जास्त जळते. म्हणूनच बाजारात रेंगाळलेल्या दोन प्रवाशांसाठी जहाज सहसा थांबत नाही. त्यात निर्दयपणा नसतो. पुढच्या बंदरातली धक्क्याची वेळ, पायलट आणि भरती कोणासाठी थांबणार नसते.

शिवाय उथळ पाण्यात वेगाने जाणारे जहाज आणखी खाली बसते. उंच क्रूझ जहाजाच्या भिंती वाऱ्यात शिडासारख्या वागतात. कोकण किनाऱ्यावर रात्री मच्छीमारांच्या होड्या आणि जाळी असतात. लक्षद्वीपला मोठे जहाज खाजणात शिरू शकत नाही. बाहेर थांबून लोकांना लहान बोटींतून उतरवावे लागते. लाट उंच असेल तर तेही नाही. आराखड्यात या प्रत्येक गोष्टीला जागा असते.

दुपारी बाराला दिवसाचा जमाखर्च होतो : किती अंतर कापले, किती इंधन उरले, वेळेच्या पुढे आहोत की मागे. रात्री झोपण्याआधी कप्तान सूचनांच्या वहीत लिहून ठेवतो, कोणत्या दिव्यावर नजर ठेवायची, दुसरे जहाज किती जवळ आले तर त्याला उठवायचे. पहाऱ्यावरचा अधिकारी वाचून त्याखाली सही करतो.

एकच चंद्र, तीन पंचांगे

या सगळ्या हिशेबात चंद्राचे वजन मोठे. मुंबईत मोठ्या उधाणाची भरती साडेचार मीटरच्याही वर जाते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हे आपल्या कोळी बांधवांना तक्त्याशिवाय ठाऊक असते. तिथीला तीनने गुणून चारने भागले की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. रमजानचा चाँद दिसतो तो बहुधा शुक्ल द्वितीयेच्या आसपास. म्हणजे मुसलमानांची चाँदतारीख आणि हिंदूंची तिथी एक-दोन दिवसांच्या फरकाने सोबतच चालतात. कप्तानाचा भरतीचा तक्ता छापील असतो, मिनिटांत बोलतो, पण त्याचा मालक तोच चंद्र.

भाषाही हेच सांगते. बंदर आणि लंगर हे शब्द फारसीतून आले, खलाशी आणि मोसम अरबीतून. आपला नाखवा हा फारसी नाखुदाचा भाऊ. वाट दाखवणाऱ्या अधिकाऱ्याला जुने दर्यावर्दी मालीम म्हणत. तो मूळचा अरबी मुअल्लिम, म्हणजे शिक्षक. पंधराव्या शतकातील अरब दर्यावर्दी अहमद इब्न माजिद याने तारे, वारे आणि किनारे यांवर ग्रंथच लिहिला. हा वारसा कोकणात अजून जिवंत आहे. रत्नागिरी-रायगडच्या अनेक मुस्लीम घरांतला कोणी ना कोणी जहाजावर असतो. शेजारच्या भंडारी, कोळी, खारवी आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांतलाही.

जहाजावरचा रोजा

या मुलांचा रमजान जहाजाबरोबर सरकतो. पूर्व-पश्चिम दिशेने एक रेखांश ओलांडला की सूर्यास्त चार मिनिटांनी बदलतो. जहाज मुंबईहून दुबईकडे ताशी अठरा मैलांनी निघाले तर सूर्य जणू पुढे पुढे पळतो आणि रोजा साधारण पंधरा मिनिटांनी लांबतो. परतीला तितकाच आखूड. घरून आलेला वेळापत्रकाचा कागद इथे उपयोगी पडत नाही. सूर्यास्ताची वेळ ब्रिजवरूनच विचारावी लागते, आणि ती सांगणारा अधिकारी कोणत्याही धर्माचा असू शकतो. प्रवासात असलेल्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुराणात आहे. इंजिनरूमच्या उष्णतेत काम करणारे काही जण ती घेतात आणि घरी आल्यावर रोजे पूर्ण करतात.

विश्रांतीचा हिशेबही कप्तानालाच ठेवावा लागतो. नियमानुसार कोणत्याही चोवीस तासांत किमान दहा तास, आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास. सहेरीसाठी उठणाऱ्याची झोप मोडते. ते लक्षात ठेवून पहाऱ्याच्या पाळ्या लावणारा कप्तान सहकाऱ्यांच्या मनात राहतो.

'नाही' म्हणण्याचा अधिकार

13 जानेवारी 2012 रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज ठरलेली वाट सोडून किनाऱ्याच्या फार जवळ गेले आणि खडकावर आदळले. चार हजारांहून अधिक माणसे जहाजावर होती; बत्तीस जण गेले. त्यानंतर प्रवाशांची सुरक्षा कवायत जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी घेणे सक्तीचे झाले.

कोकणाला यासाठी इटलीपर्यंत जायला नको. 17 जुलै 1947 रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात बुडाली. सहाशेहून अधिक लोक गेले. दुसऱ्या दिवशी आषाढी अमावास्या होती आणि रमजानचा चाँद दिसायला दोन-तीन दिवस बाकी. सणासुदीला घरी निघालेली माणसे कोणत्या एका धर्माची नव्हती.

आज कायदा कप्तानाच्या बाजूने स्पष्ट उभा आहे. समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, माणसांच्या सुरक्षेसाठी कप्तानाने घेतलेल्या निर्णयाला जहाजमालक किंवा कंपनी अडवू शकत नाही. वारा वाढला म्हणून त्याने बंदर वगळले तर प्रवासी चिडतात, पैसे परत मागतात, कार्यालयातून फोन येतो. तरी तो वगळू शकतो.

पुढच्या वेळी एखादी सफर अर्ध्यावर वळली, लक्षद्वीप न दाखवताच परत आली, तर तक्रार करण्याआधी एवढे आठवावे : त्या दिवशी कोणीतरी रात्रभर आकडे मांडले, आणि वेळापत्रकापेक्षा माणसांची बाजू घेतली.