जुन्या चित्रांच्या सोबतीनं

सकाळी ८ : मे महिन्यात वर्ध्याचं ऊन दहापासूनच चटके देतं. म्हणून वाचनालयातल्या जुन्या बांधलेल्या मासिकांचं काम मी सकाळीच घेतो. हात धुऊन कोरडे करतो आणि ‘चित्रमय जगत’चा खंड टेबलावर घेतो. वासुकाका जोशींनी पुण्याच्या चित्रशाळेतून १९१० मध्ये हे मासिक सुरू केलं.

८:३० : मऊ ब्रशनं शिवणीकडून कडेकडे धूळ झाडायची. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं ओलीनं एकमेकांना चिकटतात. ओढली तर शाईच उचकटते. अशी पानं तशीच ठेवून नोंद करतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावत नाही. तिचा गोंद कागद पिवळा करतो.

१० : आता सूची. चित्र, चित्रकार, महिना, पान. भिंगाखाली हाफटोनचे ठिपके दिसतात : मोठे तिथं सावली, बारीक तिथं उजेड. चित्रशाळा १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि सहकाऱ्यांनी काढली. तिथं छापलेली रंगीत चित्रं घरोघरी भिंतींवर लागली. पुढे मासिकानं चित्रासोबत मजकूरही घरात नेला. ज्या गावात कलादालन नव्हतं, तिथं अंक हेच कलादालन होतं.

१२ : कूलर लावायची वेळ. त्याची हवा दमट असते, त्यामुळे खंड आधी कपाटात.

दुपारी ३ : हिंदी विद्यापीठातली एक विद्यार्थिनी आली. “काका, हे हिंदीतही निघायचं ना?” हो, चित्रशाळाच ‘हिंदी चित्रमय जगत’ही काढत असे. जुन्या अंकांचं मोल सांगताना तिला न्यूयॉर्कच्या ‘द क्रेयॉन’बद्दलही सांगितलं. विल्यम स्टिलमन आणि जॉन ड्युरँड यांनी १८५५ मध्ये काढलेलं ते कलाविषयक नियतकालिक १८६१ मध्ये बंद पडलं. तरी त्या काळचे अमेरिकन चित्रकार काय विचार करत होते, हे समजून घ्यायला अभ्यासक आजही त्याचे अंक उघडतात.

४:३० : एका खंडात रंगीत पान ब्लेडनं कापून नेलेलं. चौकटीत चित्र उरतं. मागचा मजकूर, अंकाचा महिना आणि अनेकदा चित्रकाराचं नावही हरवतं. ते चित्र कुणी, केव्हा, कशासाठी छापलं, हे मग सांगता येत नाही. सूचीत लिहिलं : ‘पान नाही’.

५:३० : कपाटाला कुलूप. तुमच्या माळ्यावर आजोबांच्या वेळचे असे अंक असतील, तर चित्रं कापू नका आणि गठ्ठा रद्दीत घालू नका. अंक अख्खा ठेवा, आणि सांभाळणं जमत नसेल तर जवळच्या वाचनालयात नेऊन द्या.