फळी उलटी का उडते?

शेल्फ बसवायला फळीत आडवी खाच मारायची, म्हणजे डॅडो कट. टेबल सॉवर ८ इंची डॅडो सेट ४००० आरपीएमला फिरला, की त्याचे दात ताशी सुमारे १५० किलोमीटरने धावतात! पुढचे दात लाकूड खाली दाबतात, मागचे वर येतात. फळी तिरकी झाली, की मागचे दात ती उचलून तुमच्याकडेच भिरकावतात. हाच किकबॅक.

गोची अशी, की इथे पातं फळीखाली लपतं आणि गार्ड बहुधा काढावा लागतो. म्हणून मशीनला डॅडो चालतो का, ते मॅन्युअलमध्ये बघा. प्लग काढूनच सेट बसवा. फळी मायटर गेजला घट्ट टेकवा. खोल खाच दोन-तीन फेऱ्यांत मारा. हात खाचेच्या रेषेत नकोच, पुश पॅड घ्या. बोटं परत उगवत नाहीत!