फटफटीची बैठक घरीं कशी सुधारावी

निफाड-दिंडोरीकडील बागायतदाराच्या दारीं बैलजोडी नसली तरी फटफटी असतेच. मळा, बाजारसमिती, सोसायटी व तलाठ्याची चावडी अशा खेपा करून सायंकाळीं कंबर धरून उतरणारे गृहस्थ आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत, व आम्हीही त्यांतलेच. कचेरींत लांकडी खुर्चीवर सारी नोकरी काढून जी कंबर शाबूत राहिली, ती पेन्शनीनंतर दोन हंगामांत खिळखिळी झाली. मुलानें मळ्यावर जाणें बंद करावयास सांगितलें. द्राक्षांची छाटणी चालू असतां तें आम्हांस कसें मानवावें?

प्रथम आम्हीं केलेला उपाय चुकीचा ठरला, म्हणून तोच आधीं सांगतों. जुन्या गादींतील दोन इंच मऊ स्पंज बैठकीवर घालून वर रेक्झिन शिवून घेतलें. चार दिवस सिंहासनावर बसल्यासारखें वाटलें. परंतु मऊ स्पंज भाराखालीं पार चेपतो, बसण्याचीं दोन हाडें तळाशीं भिडतात, आणि प्रत्येक खड्डा थेट मणक्यांत पोहोंचतो. शिवाय उंची वाढल्यानें पाय जमिनीस पुरेनात, व पिंपळगांव बसवंतच्या बाजारांत टोमॅटोच्या दोन क्रेटांसह आम्ही आडवे झालों. टोमॅटोंचें नुकसान थोडें, हंसें मात्र फार झालें.

मग बैठक उलगडून पाहिली. मूळचा फोम मध्यें बसला होता व पुढें उतार झाला होता. त्यामुळें स्वार टांकीकडे घसरतो आणि हातांनीं स्वतःस मागें लोटीत राहतो. कंबर दुखते ती त्यानें. म्हणजे हवी होती ती सपाटी, मऊपणा नव्हे.

भार कोठें पडतो हें पाहण्यास बैठकीवर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर बोटभर ओली माती व वर पुन्हां कागद घालून क्षणभर बसावें. दोन खळगे उमटतात. त्या जागीं आधार घट्ट हवा. बैठक सोडवून, तळाकडील पिना पेचकसानें उपटून रेक्झिन जपून काढावें. बसलेला भाग धारदार सुरीनें कापून तेथें फोमचे तुकडे दाबून बनविलेला घट्ट फोम बसवावा. वर मऊ थर अर्ध्या इंचाहून अधिक नको. मांड्यांकडील कडा घासून गोल कराव्या, म्हणजे पाय सहज टेकतात. चिकटविण्याची घाई करूं नये. आम्हीं तुकडा सुतळीनें बांधून ओझरपर्यंत जाऊन आलों, परत येऊन पुन्हां कापला, असें तीनदां केलें. चिकटद्रव्य पेट घेतें, म्हणून तें काम चुलीपासून दूर, उघड्यावर करावें.

रेक्झिन उन्हांत तापवून ताणावें. पिना समोरासमोर मारीत जाव्या, नाहींतर सुरकुत्या पडतात. त्याखालीं प्लॅस्टिकचा पातळ कागद अवश्य घालावा. शिवणींतून पाणी शिरून फोम भिजला कीं तो दिवसेंदिवस वाळत नाहीं.

बैठकीवरचा पट्टा मात्र निरुपयोगी समजून फेंकूं नये. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागें बसणारास धरावयास कायमची मूठ असावी असें आहे, आणि कित्येक गाड्यांवर ती सोय पट्ट्याचीच असते. आमच्या घरांतून मागें बसणें होतें, त्यांनीं हा पट्टा जागेवर आहे कीं नाहीं हें स्वतः ओढून पाहिलें, मगच त्या बसल्या.