गिधाडांची पंगत आणि गोठ्यातली सुई

मेलेलं जनावर ठरलेल्या जागी नेऊन टाकलं, तर गिधाडं वाढतील का? गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. कुनघाडा, मार्कंडा (कंसोबा) या बाजूला गिधाडं टिकून असल्याचं दिसल्यावर वन विभागानं तिथं गिधाडांसाठी ‘उपाहारगृहं’ सुरू केली. जंगलाकडेचा मोकळा तुकडा निवडायचा आणि गावात मेलेलं ढोर तिथं आणून ठेवायचं, अशी ही व्यवस्था. लक्ष ठेवायला आसपासच्या गावांतलीच माणसं घेतली. काम चांगलं आहे, ते चालू राहायला हवं. पण एकट्या उपाहारगृहानं गिधाडं वाढणार नाहीत. का, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे (बीएनएचएस) विभू प्रकाश शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. १९८७-८८ मध्ये तिथं पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास घरटी त्यांनी मोजली होती. १९९६-९७ मध्ये मोजली तर दीडशे. माना खाली टाकून झाडांवर बसलेली आणि मग मरून पडणारी गिधाडं त्यांनी पाहिली, आणि १९९९ साली संस्थेच्या नियतकालिकातून जगाला सावध केलं. गिधाडांची कहाणी सांगणारे बरेच लेख त्यानंतरच्या, या मरणाला कारण ठरलेल्या औषधाच्या शोधापासून सुरू होतात. पण ती आधीची मोजदाद हाताशी नसती, तर ‘पूर्वी जास्त दिसायची’ यापलीकडे कुणाला काही म्हणता आलं असतं? शेकड्यांनी दिसणारा, कुणाला फारसा न आवडणारा पक्षी वर्षानुवर्षं मोजणं हे मला या साऱ्या कहाणीतलं सगळ्यात मोठं काम वाटतं.

सुरुवातीला संशय विषाणूवर होता. अमेरिकी पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या पंजाबात मेलेली गिधाडं तपासली, तेव्हा आतल्या अवयवांवर यूरिक आम्लाचा पांढरा थर साचलेला दिसला. मूत्रपिंडं निकामी झाली होती. विषाणू सापडेना, कीटकनाशक सापडेना, शिसंही नाही. मग त्यांनी गिधाडांच्या खाण्याकडे मोर्चा वळवला. गिधाडं खातात पाळीव जनावरं. त्या जनावरांना काय टोचतात? पशुवैद्यकांकडे आणि औषधांच्या दुकानांत चौकशी केल्यावर, पोटातून शोषलं जाणारं आणि मूत्रपिंडाला घातक ठरू शकणारं एकच औषध उरलं: डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या २५ च्या २५ गिधाडांत ते सापडलं. इतर कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नाही. २००४ साली ‘नेचर’मध्ये हे छापून आलं. इतका स्वच्छ निकाल जीवशास्त्रात क्वचितच हाती लागतो!

तरी एक कोडं उरतं. सगळ्याच ढोरांना काही मरणापूर्वी हे इंजेक्शन मिळत नव्हतं. मग १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी कशी घटली? उत्तर त्यांच्या जेवणाच्या पद्धतीत आहे. गिधाडं पंगतीनं जेवतात. एका जनावरावर डझनावारी बसतात, आणि पंगतीत विष असेल तर सगळीच सापडतात. शिवाय गिधाड साधारण तीन दिवसांनी जेवतं, म्हणजे वर्षाला १२० पंगती. दर २०० पंगतींत एकच विषारी आहे असं धरू. १२० वेळा त्यातून वाचायची शक्यता ५५ टक्के निघते. शंभरातली ४५ गिधाडं वर्षभरात गेली! प्रत्यक्षात मोजलेली घट या शतकाच्या सुरुवातीला वर्षाला ४४ टक्क्यांच्या आसपास होती. ऱ्हीस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी याहून कितीतरी काटेकोर गणित मांडून हेच दाखवलं, की मेलेल्या जनावरांपैकी एक टक्क्याहूनही कमी जनावरांत घातक प्रमाणात औषध असलं, तरी एवढा संहार होतो.

आता हेच गणित कुनघाड्याला लावून पाहू. उपाहारगृहातलं मांस पूर्ण निर्धोक आहे आणि गिधाडांची निम्मी जेवणं तिथंच होतात, असं मानलं तर बाहेरच्या पंगती उरतात ६०. वर्षाअखेर शंभरातली ७४ जिवंत राहतील, २६ मरतील. मादी वर्षाला एकच अंडं घालते, पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात. ही भर त्या २६ ला कधीच पुरी पडणार नाही. उलट उपाहारगृह नसलं तरी चालेल, पण विषारी पंगत २०० तून एकीऐवजी २००० तून एक झाली, तर ९४ गिधाडं वाचतात. माझा कल कुठं आहे हे यातून स्पष्ट व्हावं.

म्हणजे खरं काम गोठ्यात आहे. गडचिरोलीत जंगलाला तोटा नाही. बसायला, घरटं बांधायला उंच झाडं आहेत. जंगल सरकारी, पण त्या जंगलातल्या गिधाडाचं अन्न मात्र शेतकऱ्याच्या खासगी मालकीचं. कोणतं इंजेक्शन द्यायचं हे मालक, पशुवैद्यक आणि दुकानदार ठरवतात. मेलोक्सिकॅम हे पर्यायी वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित असल्याचं २००६ सालीच सिद्ध झालं, आणि त्याच वर्षी जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना वापरल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये त्यांचा आकार ३ मिलिलिटरवर आणावा लागला. असिक्लोफिनॅक हे आणखी एक वेदनाशामक तर गाईच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच होतं. जनावरांसाठी त्यावर आणि गिधाडांना तसंच घातक असलेल्या किटोप्रोफेनवर बंदी यायला २०२३ उजाडलं. ही दिरंगाई मला अक्षम्य वाटते.

एका तालुक्यानं औषधं बदलूनही भागणार नाही, हेही खरं. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून पांढऱ्या पाठीची १० गिधाडं ताडोबात आणली. जीपीएस लावून मोकळी केल्यावर त्यातलं एक थेट तमिळनाडूत पोचलं. अशा पक्ष्याला अभयारण्याची हद्द कशी पुरणार?

गिधाडं गेली, मेलेली ढोरं उघड्यावर कुजत राहिली, आणि त्यामुळं २००० ते २००५ या काळात देशात पाच लाख माणसं जास्त मेली, हा आकडा हल्ली सर्रास फिरतो. तो जिल्ह्याजिल्ह्यांच्या मृत्युदरांची तुलना करून काढलेला, गंभीर अभ्यासकांचा अंदाज आहे. मोजलेली प्रेतं नव्हेत. गिधाडं वाचवायला त्याची गरजही नाही.

त्यापेक्षा चामोर्शीत एक साधी तपासणी व्हावी. बंदीच्या आधी देशभरातल्या मेलेल्या जनावरांच्या यकृताचे नमुने तपासले, तेव्हा दहातल्या एकात डायक्लोफिनॅकचे अंश निघाले होते; बंदीनंतर हे प्रमाण उतरलं. तसे नमुने इथल्या प्रत्येक उपाहारगृहातून घ्यावेत, आणि ढोर आणणाऱ्या मालकाला शेवटच्या आठवड्यात काय टोचलं होतं ते विचारून वहीत लिहावं. लक्ष ठेवायला गावातली माणसं आहेतच. ढोर कुणाचं, इलाज कुणी केला, हे त्यांना आधीपासून ठाऊक असतं.