हिब्रू नामव्यवस्था

सेमिटिक भाषाकुलातील हिब्रू भाषेत नामाची घडण, त्याचे लिंग-वचन व अन्य नामाशी असलेला त्याचा संबंध दर्शविण्याची पद्धती. बहुतेक नामे तीन व्यंजनांच्या धातूपासून ठराविक साच्यांत साधली जातात. उदा., ‘क्-त्-ब्’ या लेखनवाचक धातूपासून क्ताव (लेखन), मिख्ताव (पत्र), क्तोवेत (पत्ता). स्वरानंतर क् व ब् यांचे उच्चार अनुक्रमे ख् व व् असे होतात.

लिंगे दोनच, नपुंसकलिंग नाही. सूस (घोडा), सूसा (घोडी) यांची अनेकवचने सूसीम व सूसोत अशी होतात. तथापि प्रत्ययावरून लिंग ठरविणे धोक्याचे आहे. आव (पिता) याचे अनेकवचन आवोत, तर इश्शा (स्त्री) याचे नाशीम. अशा वेळी विशेषणच खरे लिंग सांगते : आवोत तोवीम (चांगले पिते), नाशीम तोवोत (चांगल्या स्त्रिया). द्विवचन संस्कृतप्रमाणे सार्वत्रिक नसून मुख्यतः जोडीचे अवयव व कालमान यांपुरते आहे : यादायिम (दोन हात), योमायिम (दोन दिवस). अवयवांच्या बाबतीत ते अनेकवचनाचेही काम करते. चार पाय म्हणतानाही रगलायिम हेच रूप येते.

अभिजात अरबीत टिकलेले विभक्तिप्रत्यय हिब्रूत लोपले. संबंध दाखविण्याची तिची रीत मराठी वाचकाला उलटी वाटेल. ‘देवाचे घर’ यात विकार होतो तो ‘देव’ या शब्दाला. ‘घर’ जसेच्या तसे राहते. हिब्रूत ‘एल’ (देव) अविकृत राहतो आणि ‘बायित’ (घर) याचे ‘बेत’ होते : बेत-एल. बायबलमधील हे एक स्थलनाम आहे. या रचनेस ‘स्मिखूत’ म्हणतात. पहिले नाम दुसऱ्यावर जणू टेकते; मुख्य आघात दुसऱ्यावर पडतो व पहिल्याचे स्वर आखडतात. स्त्रीलिंगी नामात लुप्त झालेला ‘त्’ येथे पुन्हा प्रकटतो (तोरा–तोरत). ‘ह’ हे निश्चयवाचक उपपद नियमानुसार दुसऱ्या नामालाच लागते, पण त्याने सबंध जोडी निश्चित होते : बेत सेफेर (एखादी शाळा; शब्दशः पुस्तकाचे घर), बेत हसेफेर (ती विशिष्ट शाळा). बोलभाषेत मात्र ‘हबेत सेफेर’ असेही ऐकू येते.

आधुनिक हिब्रूत साध्या स्वामित्वासाठी ‘शेल’ (-चा, -ची, -चे) हे अव्यय अधिक रूढ आहे. सामासिक संज्ञांत व प्रौढ लेखनात स्मिखूत टिकून आहे.

कोकणातील ‘बेने इस्राएल’ या समाजनामातही हीच रचना आहे. बेन (पुत्र) याचे अनेकवचन बानीम. इस्राएलशी जोडताना त्याचे ‘बने’ होते व तेच मराठीत ‘बेने’ म्हणून रूढ झाले. या समाजासाठी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून प्रसिद्ध केली.